स्लिपरचा ठसा आणि वाकळीची फुलं : गोष्टीच्या पुस्तकातून चित्रकलेच्या तासाला

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, आमच्या खानापूर तालुक्यात पावसाळ्यात रंगकाम घ्यायचं, तर आधी दोरी बांधायला हवी. मी एकदा जूनमध्येच ३१ पोरांकडून पोस्टर कलर लावून घेतला आणि कागद बाकांवर पसरून घरी गेले. दुसऱ्या दिवशी कागद तसेच ओले. चौथ्या दिवशी कडेला बुरशी दिसायला लागली आणि दोन बाक कायमचे निळे झाले ते झालेच. तेव्हापासून वर्गात खिडकीच्या गजापासून दाराच्या कोयंड्यापर्यंत सुतळी असते आणि तिच्यावर कपड्यांचे चिमटे. रंगांची यादी करण्याआधी हे दोन जिन्नस आणा.

आमच्यासारख्या पहिली ते पाचवीच्या सरकारी मराठी शाळांत चित्रकलेला वेगळे शिक्षक नसतात. गणित शिकवणारी बाईच चित्रकला घेते, आणि बहुतेक वेळा ‘डोंगर, सूर्य, झोपडी काढा’ म्हणून तास संपतो. मीही ते बरीच वर्षं केलं. पुढे गोष्टीच्या चित्रपुस्तकांचा नाद लागला, पुस्तकांमागोमाग देशोदेशीच्या कारागिरांचा लागला, आणि वर्षाला चार-पाच कामं ठरून गेली. ती कशी घ्यायची ते इथे सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दुसऱ्या देशाची कला वर्गात आणायची म्हणजे त्यांच्या टोप्या, पिसं आणि झेंडे काढायचे नाहीत. तिथला माणूस हातानं नेमकं काय करतो ते बघायचं. फाडतो, ठसा मारतो, थर चढवून शिवतो, गड्डी रचून कापतो. ती हाताची चाल मुलांना द्यायची, आणि चित्र मात्र मुलांच्या गावातलं येऊ द्यायचं. चाल तिकडची, चित्र इकडचं. हे सांभाळलं की पोरं नक्कल करत नाहीत.

आधी पुस्तक

पुस्तकं कुठून आणायची हा प्रश्न सगळे विचारतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतली चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त असतात. पुस्तक इंग्रजी किंवा कन्नडमध्येच मिळालं, तर मी मराठी मजकूर कागदाच्या पट्ट्यांवर लिहून पानाच्या खालच्या बाजूला नुसता टाचते, चिकटवत नाही. मूळ भाषा दिसत राहिली पाहिजे. आमच्या पोरांना दोन लिप्या समोरासमोर बघायची सवय असते, त्यांचं काही बिघडत नाही.

वाचायचं दोनदा. पहिल्यांदा शब्द नाहीत, नुसती चित्रं. प्रोजेक्टर नसला तर सहा-सहाच्या टोळ्या करून पुस्तक हातात द्या. मोबाइलवर असेल तर एक टोळी बघेल, बाकीच्या पाढे लिहितील. या फेरीत मी एकच प्रश्न विचारते, ‘हे चित्र कशानं काढलंय?’ मुलं आधी ‘रंगानं’ म्हणतात. मग एखादं नाक पानाला टेकवतं आणि म्हणतं, ‘बाई, हे फाडून चिकटिवलंय की!’ हा शोध लागला की अर्धं काम झालं. दुसऱ्या दिवशी शब्दांसकट वाचायचं आणि तिसऱ्या दिवशी हात घालायचा. वाचन आणि काम एकाच चाळीस मिनिटांच्या तासात कोंबू नका. मी कोंबून पाहिलंय. दोन्ही अर्धवट राहतात.

पहिली-दुसरी : फाडायचा कागद

लिओ लिओनी हा मूळचा ॲमस्टरडॅमचा चित्रकार. आगगाडीत नातवंडांना गप्प बसवायचं म्हणून त्यानं मासिकाची पानं फाडून निळा आणि पिवळा असे दोन ठिपके केले आणि त्यांची गोष्ट रचली. १९५९ साली तिचं पुस्तक झालं. निळा आणि पिवळा एकमेकांना मिठी मारतात आणि हिरवे होतात. ना तोंड, ना हातपाय, तरी कोण कुणाचा बाबा ते पोरांना कळतं.

सामान म्हणजे पतंगी कागद आणि खळ. घोटीव कागद घेऊ नका. पलीकडचं दिसत नाही म्हणून रंगावर रंग ठेवला तरी मिसळत नाही. पतंगी कागदाचे निळे-पिवळे तुकडे एकमेकांवर ठेवून खिडकीला धरले की खरोखर हिरवं दिसतं. कात्री अजिबात द्यायची नाही. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कागद धरून थोडं थोडं फाडायचं. लिहिताना पेन्सिल घट्ट आवळून धरणाऱ्या पोरांच्या बोटांना याचा फार उपयोग होतो. मुलांनी आपल्या घरातल्या माणसांएवढे ठिपके फाडायचे आणि एका कागदावर मांडून दाखवायचे. आजी केवढी, बाबा कुठल्या रंगाचा, कामाला पुण्याला गेलेला काका कागदाच्या कुठल्या कोपऱ्यात, हे सगळं ती आपण होऊन सांगतात. चिकटवायची घाई करू नका. मांडून सांगणं हाच खरा तास.

खळ घरीच करा. दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळी मोडून कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक झालं की उतरायचं. चिमूटभर मोरचूद घातला की टिकते असं जुने लोक सांगतात, पण मोरचूद विषारी असतो. पहिलीच्या पोरांची बोटं तोंडात असतात, तेव्हा घालू नका. रोजची खळ रोज.

सुरवंट आणि फणस

एरिक कार्लच्या भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक १९६९चं. पानांना खरोखरची भोकं आहेत. कागदाला भोकं पाडायचं यंत्र चालवता चालवता त्याला ही कल्पना सुचली होती. तो चित्र सरळ रंगवत नसे. आधी पातळ कागद रंगवून, ओरबाडून, ठिपके पाडून वाळवायचा आणि मग त्यातून आकार कापायचा.

आपण वर्तमानपत्र घेऊ. पोस्टर कलर ताकाएवढा पातळ करून अख्ख्या पानावर फडक्यानं फासायचा. ओला असतानाच कुणी त्यावरून फणी ओढावी, कुणी खराट्याची काडी, कुणी चुरगळलेल्या पिशवीनं थोपटावं. एक टोळी फक्त हिरव्या छटा करील, दुसरी लाल-पिवळ्या, तिसरी मातकट. सगळे कागद दोरीवर. ते वाळल्याशिवाय कात्री काढायची नाही, म्हणजे पावसाळ्यात दोन-तीन दिवस गेले असं धरा. हे कागद वर्गाच्या सामाईक गठ्ठ्यात जातात. मी केलेला कागद दुसरा कापणार, यावर पहिल्या वर्षी रडारड झाली. आधीच सांगून ठेवा.

आमचा सुरवंट सफरचंद खात नाही. सोमवारी एक करवंद, मंगळवारी दोन जांभळं, बुधवारी तीन काजू, गुरुवारी चार रताळी, शुक्रवारी पाच उसाची कांडी, शनिवारी अख्खा फणस, आणि रात्री पोटात दुखतं. प्रत्येक फळाला भोकं पाडायच्या यंत्रानं एक भोक. यंत्र कार्यालयातलं; हिशेबाच्या फाइलींसाठी ते परत लागतं, विसरू नका.

वारांची नावं दोन्ही भाषांत लिहायला लावली तेव्हा पोरांनाच गंमत वाटली. सोमवारपासून शनिवारपर्यंत मराठी आणि कन्नड वार जवळजवळ तेच. अडतं फक्त रविवारी, कारण कन्नड पुस्तकात तो भानुवार असतो. फळांची नावं मात्र वेगळी. जांभळाला नेरळे हण्णु, फणसाला हलसिन हण्णु. ज्याच्या घरी कन्नड बोलतात तो मुलगा त्या दिवशी वर्गाचा मास्तर.

तिसरी ते पाचवी : घानाचे ठसे

हे माझं आवडतं काम, म्हणून इथे जरा सैल बसून सांगते.

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात आकान लोक कापडावर आदिंक्रा नावाची चिन्हं छापतात. कुमासी शहराजवळचं न्तोन्सो हे गाव त्यासाठी नावाजलेलं. वाळलेल्या भोपळ्याच्या कवचाचे तुकडे कोरून ठसे करतात. झाडाची साल कुटून, उकळून, पाकासारखी दाट होईपर्यंत आटवून शाई करतात. आधी लाकडी फणी शाईत बुडवून कापडावर रेघा ओढतात, त्यांचे चौकोन पडतात, आणि एकेका चौकोनात एकेक चिन्ह भरतात. पूर्वी हे कापड मुख्यतः कुणी गेल्यावर, दुखवट्यात अंगावर घेत. प्रत्येक चिन्हाला अर्थ असतो. मान मागे वळवलेला पक्षी म्हणजे सांकोफा, ‘मागे जा आणि विसरलेलं घेऊन ये’. मेंढ्याची शिंगं म्हणजे ताकद असूनही नम्रपणा. कोळ्याचं जाळं म्हणजे शहाणपण.

मुलांना घाना नकाशावर बोट ठेवून दाखवा, आणि आफ्रिका हा देश नाही, तिथे पन्नासहून जास्त देश आहेत, हेही त्याच वेळी सांगून टाका. मग फळ्यावर आपली चिन्हं काढा. गोपद्म, लक्ष्मीची पावलं, स्वस्तिक, उंबऱ्यावरची ठिपक्यांची रांगोळी. ‘ही कशासाठी काढतात?’ असं विचारलं की पोरं दुसऱ्या दिवशी आज्यांना विचारून येतात. त्यानंतरच सांगायचं, ‘आता तुम्ही आपलं चिन्ह करा. एक वस्तू आणि तिचा एक अर्थ.’ माझ्या वर्गात म्हशीचं शिंग आलं, एसटीचं चाक आलं, आणि एकानं छत्री काढून अर्थ लिहिला : ‘दोघांत एक’.

ठशासाठी भोपळ्याच्या जागी जुनी स्लिपर. रबरी तळाची, झिजलेली, पट्टा तुटलेली. गावात हिचा तुटवडा कधी पडत नाही. धुऊन, घासून, वाळवून घ्या. त्यावर मुलांनी बॉलपेननं तीन-चार बोटं रुंदीचं चिन्ह काढायचं. बारीक रेघा नकोत, जाड आकार हवेत. कापायचं काम माझं, कटर मुलांच्या हातात नाही. ३१ ठसे कापायला मला दोन संध्याकाळी लागतात. ते जमणार नसेल तर चौघांत एक ठसा ठरवा. कापलेला आकार लाकडाच्या तुकड्यावर नाही तर बाटलीच्या झाकणावर चिकटवायचा. फेविकॉलपेक्षा सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन बरं, धुतलं तरी सुटत नाही. वास उग्र असतो, तेवढं चिकटवणं मोठ्यांनीच व्हरांड्यात बसून करावं. अक्षर असलेलं चिन्ह कुणी काढलं तर ठशात उलटं कापावं लागतं. हे आधी सांगू नका. एकदा उलटं उमटलं की ते पोर जन्मात विसरत नाही.

शाईला पोस्टर कलर चालतो. पण वेळ असेल तर बाभळीची साल करून बघाच. गळून पडलेले किंवा तोडलेल्या फांदीवरचे सालीचे तुकडे घ्या, उभ्या झाडाची साल काढू नका. कुटून बुडेल एवढ्या पाण्यात उकळायचे, पाणी निम्म्याहून कमी झालं की गाळायचं. गडद तपकिरी रंग येतो. त्यात गंजलेले खिळे टाकून रात्रभर ठेवलं तर काळपट होतो, कारण सालीतलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग धरतो. थोडी खळ घालून दाट करायचं, नाहीतर कापडावर पसरतं. ही शाई कपड्यांवरून सहज निघत नाही. त्या दिवशी गणवेश नको, घरचे जुने कपडे घालून या असा निरोप आदल्या दिवशीच पाठवा. मी एका वर्षी विसरले, आणि पुढचे आठ दिवस फाटकाशी उभं राहून आयांची बोलणी खाल्ली.

छापायचं असं. जुन्या पांढऱ्या धोतराचे हातभर चौकोन फाडून खळ काढण्यासाठी धुवावेत, इस्त्री केली तर उत्तम. खाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवायची, कठीण बाकावर ठसा नीट उमटत नाही. स्टीलच्या ताटलीत चार पदरी सुती फडकं शाईनं भिजवून ठेवलं की ते शाईचं पॅड होतं. ठसा त्यावर टेकवायचा, बुडवायचा नाही. आधी काटेरी चमच्यानं किंवा फणीनं रेघा ओढून चौकोन पाडायचे, मग ठसे. मुलांनी एकमेकांचे ठसे उसने घ्यावेत. अट एवढीच, की घेणाऱ्यानं आधी त्याचा अर्थ विचारायचा. तीस मुलांचा गलका होतो. होऊ द्या.

वाकळ, कौदी, कवंद

आफ्रिका दाखवायला नकाशाच लागतो असं नाही. आमच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि पलीकडे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडे सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेच्या पूर्व भागातून आलेले. पुष्कळांना पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. यातले बरेच लोक घरी कोकणीच्या वळणाची बोली बोलतात. हे सांगताना आवाज उगाच हळवा करू नका, आणि वर्गात सिद्दी मूल असेल तर त्याला उभं करून दाखवू नका. कुणी ‘मग ते परदेशी काय?’ असं विचारलंच, तर उत्तर सोपं आहे : पिढ्यान् पिढ्या इथलेच.

सिद्दी बायका जुन्या साड्या-धोतरांच्या तुकड्यांची जी गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. आमच्याकडे वाकळ, कन्नडमध्ये कौदी. पण कवंदाची चाल वेगळी. आपली वाकळ बहुधा एका टोकाकडून सरळ ओळींत दोरा घालत भरतात. कवंद काठापासून सुरू होतं. कोपऱ्यातून निघून कडेकडेनं तुकडे बसवत, धावदोरा घालत, फिरत फिरत आत मध्यापर्यंत यायचं. शेवटी कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात.

शिंप्याकडे कात्रणं मागा, पोतं भरून मिळतील. बेळगावच्या वडगाव-शहापूरकडच्या विणकरांच्या ओळखी असतील तर काठाचे तुकडेही मिळतात. दोघांत मिळून हातभर लांबी-रुंदीचा जुन्या साडीचा तुकडा, मोठ्या नाकाची सुई आणि जाड दोरा. दोरा हातभरच द्या. लांब दिला की गुंता सोडवण्यात तास जातो. कडेचा पहिला तुकडा बाईंनी टाचून द्यावा. पुढे मुलांनी प्रत्येक तुकड्याची कड आत मुडपून आधीच्या तुकड्यावर बोटभर चढवत धावदोरा घालायचा आणि कोपरा आला की वळायचं. टाके वाकडे येतात. उसवायला लावू नका. कवंदातले टाकेही पट्टीनं मारलेले नसतात, आणि त्यातच त्याची लय असते. मध्याजवळ आलं की जागा कमी पडते, तुकडा कापून बसवावा लागतो, आणि इथे पोरं भूमिती करायला लागतात.

फूल असं : चार बोटांचा चौकोन, तिरपी घडी घालून त्रिकोण, त्याचीच पुन्हा घडी, असे तीन-चार वेगवेगळ्या रंगांचे त्रिकोण एकावर एक सरकवून ठेवायचे आणि कोपऱ्याला शिवून टाकायचे. सगळ्या कामाला आठवड्याला एक तास धरला तर सहा आठवडे लागतात. मुलगे सुई धरायला लाजतात असं म्हणतात. माझ्याकडे उलट झालं. सगळ्यात नीट धावदोरा घातला तो एका मुलानं, त्याची आजी वाकळी शिवते.

पहिली-दुसरीला हेच काम कागदाच्या तुकड्यांनी आणि खळीनं जमतं. बाहेरून आत यायचा नियम तेवढा पाळा.

पताका, थोडक्यात

मेक्सिकोत पातळ कागदांची जाड गड्डी रचून छिन्नीनं नक्षी पाडतात आणि सणाला रस्त्यावरून माळा लावतात. मृतांच्या स्मरणाचा सण तिकडे १ आणि २ नोव्हेंबरला असतो, आणि आपली सर्वपित्री अमावास्या सांगितली की मुलांना तो लगेच समजतो. १ नोव्हेंबर ही तारीख आमच्याकडे कर्नाटक राज्योत्सवामुळे आधीच भरपूर गजबजलेली असल्यामुळे मी पताका गणपतीच्या आधीच उरकते. पतंगी कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला, घडीच्या बाजूनं अर्धचंद्र, त्रिकोण, पानं कापा, उलगडा, वरची बोटभर पट्टी दुमडून सुतळीवर चिकटवा. घडीची बाजू पूर्ण कापली गेली की कागदाचे दोन तुकडे होतात, तेव्हा आधी रद्दीवर एकदा करून घ्या.

जे मी करून घेत नाही

एका वर्षी मी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींसारखी ठिपक्यांची कासवं काढून घेतली. सुंदर दिसली, भिंतीवर वर्षभर राहिली. नंतर वाचलं की पापुन्या नावाच्या वस्तीत १९७१ साली जेफ्री बार्डन या शाळामास्तरांच्या प्रोत्साहनानं तिथल्या जाणत्या माणसांनी आपली चित्रं आधुनिक रंगांत काढायला सुरुवात केली, आणि त्यातली कित्येक चिन्हं ठरावीक कुळांच्या मालकीची, काही तर परक्यांना न दाखवायची. पुढे त्यातलं गुपित झाकण्यासाठीही ठिपक्यांचा उपयोग झाला असं सांगतात. म्हणजे मी कुणाच्या तरी देवघरात चपला घालून शिरले होते. आता ती चित्रं मी मुलांना दाखवते, त्यांची गोष्ट सांगते, आणि ठिपक्यांचं काम हवंच असेल तर आपली ठिपक्यांची रांगोळी घेते. आदिंक्रातलंही देवाचं चिन्ह आम्ही छापत नाही.

भिंतीवर लावताना

प्रत्येक कामाखाली एक चिठ्ठी लावा : मुलाचं नाव, काम कशानं केलं, आणि ही चाल कुठल्या लोकांची. ‘आफ्रिकन कला’ असं लिहू नका. ‘घानातल्या आकान लोकांची ठसे मारायची रीत’ असं लिहा. चिठ्ठी मराठी आणि कन्नडमध्ये, अक्षर मुलांचं. शाळा बघायला येणारे सीआरपी साहेब आले तरी वाचतात आणि एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या समितीच्या, बैठकीला आलेले पालकही. चांगली कामं निवडून वेगळी लावायची सवय मोडा. सगळ्यांची लावा, जागा कमी पडली तर पंधरा दिवसांनी बदला.

काम उतरवलं की मुलांना घरी देऊन टाकते. ठसे मात्र शाळेत ठेवते. साबणाच्या पाण्यात जुन्या दातघाशीनं घासून, सावलीत वाळवून कुंदा या मिठाईच्या रिकाम्या डब्यात. प्रत्येक ठशाच्या पाठीवर मार्करनं त्याचा अर्थ लिहिलेला असतो. जूनमध्ये नवे तिसरीवाले डबा उघडतात, तेव्हा पहिला प्रश्न येतो, ‘बाई, ही छत्री कुणाची?’ तो मुलगा आता हायस्कूलला आहे. मी ठसा हातात देते आणि पाठ वाचायला सांगते.